लहान हात

कॉलेजचे प्रफुल्ल सर पहिल्यांदा अंगणात आले, तेव्हा कवडू बुरुडाला वाटलं की लग्नाचं सूप न्यायला कुणी आलं असेल. हल्ली त्याच्याकडं माणसं तेवढ्यासाठीच यायची. पाखडायला प्लॅस्टिकचं सूप आलं, शेण उचलायला रबराचं टोपलं आलं. लग्नात मात्र बांबूचंच सूप लागतं, कारण देवापुढं प्लॅस्टिक ठेवायची लोकांना अजून लाज वाटते. त्या लाजेवर बुरुडाच्या घरात वर्षातून चार दिवस बरे जात.

बाकीचं वर्ष सदाशिवराव शेठच्या हातात होतं. जामच्या चौकात हैदराबाद रोडला लागून शेठचं गोदाम. ढाब्यांचे तट्टे, फुलवाल्यांच्या परड्या, कोंबड्या झाकायची डाली, जे निघेल ते शेठ सांगायचा आणि भावही तोच सांगायचा. त्या भावात घर चालवायचं तर तीन माणसांनी दिवसभर बसावं लागे. कवडू एक, बायको लीला दोन. कवडूची माय जिजाबाई हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तिसरी जागा पोरीची. अंजू आठवीत होती. शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर ती बांबूवर बसायची.

तिच्यावाचून अडायचंही. दोन वर्षांपूर्वी बांबू फोडताना कोयता सटकून कवडूच्या डाव्या अंगठ्याची शीर कापली गेली. जखम भरली, पण अंगठा वाकेना. टोपलीचं बूड तो कसंबसं बांधायचा. काठाला बारीक कामटी ओढून आवळायची तर अंगठाच लागतो. लीलाचा काठ ढिला पडायचा. अंजूचा काठ असा बसायचा की टोपली उलटी टाकून माणूस वर बसला तरी सुटू नये.

प्रफुल्ल सर खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि कामाचं बोलले. कॉलेजनं आता प्लॅस्टिक बंद करायचं ठरवलं होतं. वर्गावर्गात, होस्टेलच्या खोल्याखोल्यांत कचऱ्यासाठी बांबूच्या टोपल्या ठेवायच्या. चैत्रात तपासणीची मोठी कमिटी येणार, त्याच्या आत माल हवा. आणि माल दलालाकडून नाही, बनवणाऱ्याच्या हातून घ्यायचा, त्याला पुरता भाव द्यायचा, असं कॉलेजच्या खरेदी समितीत पास झालेलं होतं. सरांनी सांगितलेला भाव ऐकून कवडूनं लीलाकडं पाहिलं. तो शेठच्या भावाच्या दुपटीहून जास्त होता. लीलानं डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला.

“फक्त एक गोष्ट आहे, कवडूभाऊ,” सर म्हणाले. “घरात लहान मुलाचा हात या कामाला लागता कामा नये. आमची माणसं येऊन पाहतील, मगच इसार देतील.”

हे कलम सरांनी स्वतः भांडून घालून घेतलं होतं. त्यांच्या मायनं त्यांना पाठीशी बांधून लोकांच्या वावरात कापूस वेचला होता आणि पुढं ते स्वतः शाळा बुडवून वेचायला जात. माणूस खोटा नव्हता. हे सांगताना त्यांचा आवाज जरा जड झाला, तो कवडूला आवडला.

रात्री जेवताना कवडूनं पोरीला सांगून टाकलं की हे काम मिळालं तर तिनं बांबूला हात लावायचा नाही. गावातली शाळा आठवीपर्यंतच होती. रूपराव गुरुजींनी हिंगणघाटच्या मुलींच्या वसतिगृहात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आठवीची परीक्षा पास झाली की जूनपासून नववी तिथं. आतापर्यंत कवडू या गोष्टीवर हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता, कारण पोरगी गेली की काठ कोण बांधणार आणि तिसऱ्या माणसाची कमाई कुठून येणार. आता दुप्पट भावात दोन माणसं पुरणार होती, आणि काठाचं लीला शिकून घेईल.  अंजूनं भाकरीचा तुकडा तोंडात तसाच धरून ठेवला आणि बापाकडं पाहत राहिली. एवढा आनंद त्या घरात बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बांबूसाठी कवडूनं वनखात्याच्या डेपोत तीन खेपा केल्या. बुरुडांना सवलतीचा बांबू मिळतो, पण तो मिळण्यासाठी साहेब जागेवर भेटावा लागतो. शेवटी भेटला. हिरवागार, लांब पेरांचा बांबू उतरला आणि अंगणात त्याचा ओला वास भरून गेला. लीलानं कोयता धरला, कवडूनं पायाखाली बांबू दाबला. गाठी तासायच्या, फोडायचं, पुन्हा फोडायचं, मग मांडीवर चिंधी ठेवून सुरीनं कामट्या पातळ करायच्या. लीलाच्या बोटांत फासा शिरत होत्या. ती दातांनी फास ओढून काढायची, जागेवर हळद दाबायची आणि पुन्हा बसायची. काठ बांधायला तिला जमेना. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. अंजू दारात पुस्तक घेऊन बसलेली असे आणि मायचा हात चुकला की तिची बोटं आपोआप हलत.

“वरून नोको घेऊ आई, खालून घे,” ती बसल्या जागेवरून सांगे.

“तू वाच,” लीला म्हणे.

हिरवा बांबू थांबत नाही. तो ओला आहे तोवर वळतो. एकदा वारं लागलं की मोडतो. फाल्गुनातलं वारं आधीच कोरडं झालं होतं. इसार आल्याशिवाय मोठं काम सुरू करू नका, असं सर म्हणाले होते, पण बांबू इसाराची वाट पाहत नाही. म्हणून कवडूनं सगळा बांबू फोडून कामट्या करून ठेवल्या, टाक्यात भिजवल्या, वर ओली पोती टाकली. समितीची माणसं होळीनंतरच्या सोमवारी दुपारी बाराला येणार असा फोन आला. बाराला अंजू शाळेत असेल, म्हणून कवडूला बरं वाटलं.

त्यानं मायलाही बजावलं. जिजाबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती.

“माय, उद्या कॉलेजचे लोकं येऊन राह्यले. पोरीच्या कामाचं नाव काढू नोको.”

“काऊन?”

“त्याइचा कायदा हाय तसा.”

“इसार द्यायले येऊन राह्यले ना?”

“हो.”

जिजाबाई गप्प बसली. कवडूला वाटलं, तिला पटलं. तिथंच त्याचं चुकलं.

बुरुडांच्या घरी एक रीत होती. इसार देणारा माणूस दारात आला की घरातल्या सगळ्यांत लहान हातानं त्याच्यासमोर टोपली बांधून दाखवायची. त्यावरून देणाऱ्याला कळे की या घरात काम मुरलेलं आहे, पुढंही चालणार आहे, आपला पैसा बुडत नाही. लहान हात न दाखवता इसार घेणं म्हणजे घरात वंश नाही किंवा विद्या नाही असं कबूल करणं. जिजाबाई सात वर्षांची असताना तिच्या बापानं तिला असंच एका मालगुजारापुढं बसवलं होतं. ते ती अजून सांगायची. तिच्या अख्ख्या जन्मात मोठ्या माणसांनी तिच्याकडं पाहून मान डोलावली ती तेवढी एकदाच.

सोमवारी बारा वाजले, एक वाजला. कवडूनं अंगण दोनदा झाडलं. लीलानं शेजारून दोन खुर्च्या आणल्या होत्या, त्या सावली सरकली तशा सरकवत राहिली. समितीची गाडी आली ती चार वाजून गेल्यावर. वाटेत कुठं जेवायला थांबले होते म्हणे. प्रफुल्ल सर होते, हिशेब खात्याचे एक साहेब होते आणि आचल मॅडम म्हणून एक तरुण बाई होती. ती नागपूरहून आलेली. कॉलेजची खरेदी नीट होते की नाही हे पाहणं तिचं काम. बोलायला गोड होती. तिनं टाक्यातल्या कामट्यांना हात लावून पाहिला, ओल्या पोत्यांचं कौतुक केलं, कवडूच्या अंगठ्याची चौकशी केली आणि मोबाइलवर फोटो घेतले. नमुन्याच्या टोपल्या हिशेबाच्या साहेबांनी बोटानं दाबून पाहिल्या. लीलानं बांधलेला काठ जरा दबला. साहेबांनी दुसरी टोपली उचलली आणि तीही दाबून पाहिली.

तो दाबलेला काठ जिजाबाईला दिसला नसणार. पण कामटी करकरल्याचा आवाज तिनं ऐकला. त्याच वेळी अंजू शाळेतून आली. परकी माणसं पाहून ती दप्तर घेऊन मागच्या दाराकडं वळली होती.

“अंजू,” जिजाबाई म्हणाली, “अठी ये. साहेबाले काठ बांधून दाखव.”

कवडू पुढं झाला. “माय, राहू दे,” तो म्हणाला. म्हातारीनं ऐकलं नाही. ती हात चाचपडत उठली, पोरीचा दंड धरला आणि तिला चटईवर बसवलं. इसार घेऊन आलेला माणूस घरची विद्या न पाहता परत जातो आहे, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. अंजूनं बापाकडं पाहिलं. बाप सगळ्यांसमोर मायचा हात झटकू शकत नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि पोरीला वाटलं, बापाची परवानगी आहे.

तिनं दप्तर बाजूला ठेवलं. लीलाची दबलेली टोपली मांडीत घेतली, सैल काठ सोडला, टाक्यातून बारीक कामटी उचलून दातांत धरली आणि बांधायला लागली. बघता बघता काठ उभा राहिला. हिशेबाच्या साहेबांनी टोपली घेऊन दाबली. दबली नाही. त्यांनी हसून मान डोलावली आणि जिजाबाईच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते पाहून कवडूला रडावंसं वाटलं.

आचल मॅडम चटईजवळ उकिडव्या बसल्या. किती वय, कितवीत, हे त्यांनी अंजूला हळूच विचारलं. अंजूला मोठ्या माणसांना खरं सांगायची सवय होती.

“कधीपासून करतेस हे?”

“चौथीपासून.”

“रोज?”

“रोज. पन आता पंधरा दिवसांपासून नाई. बाबानं बंद केलं. आता मी नववीले हिंगनघाटले जानार हाय.”

मॅडमनं तिचा हात आपल्या हातात घेतला. बोटांवर बारीक पांढरे चरे होते, करंगळीजवळ एक जुनी फास काळी होऊन बसलेली होती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरंच आलं होतं. त्यांनी विचारून त्या हाताचा फोटो घेतला. प्रफुल्ल सर उभे होते ते अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि निंबाकडं तोंड करून खिशात रुमाल शोधू लागले.

जाताना सगळे नीट बोलले. चहा घेतला, म्हातारीला नमस्कार केला. कळवतो म्हणाले. इसाराचं पाकीट हिशेबाच्या साहेबांच्या बॅगेत होतं, ते बॅगेतच राहिलं. गाडी वळून गेल्यावर जिजाबाईनं विचारलं, किती दिला.

 मग लीला बोलली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूला उलटून बोललेली नव्हती. त्या संध्याकाळी ती सगळं बोलली. म्हातारी भिंतीकडं तोंड करून ऐकत राहिली. तिला नीट कळलं तेव्हा तिनं आपल्या दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. अंजूनंच ते हात धरले.

नंतरचे दिवस वाट पाहण्यात गेले. फोन येईना. कवडू दिवसातून तीनदा पोती भिजवायचा. गावचं नळाचं पाणी एक दिवसाआड येऊ लागलं होतं, म्हणून लीला विहिरीवरून गुंडी गुंडी पाणी आणायची आणि प्यायचं ठेवून उरलेलं कामट्यांवर ओतायची. ऊन चढत होतं. कडेच्या कामट्या पिवळ्या पडायला लागल्या. वळवून पाहिली की तट्कन मोडायची. कवडूनं प्रफुल्ल सरांना फोन लावला, तो लागला नाही. मग एक दिवस लीला म्हणाली, समोर जाऊन उभं राहा, माणूस समोर उभ्या माणसाला नाही म्हणत नाही. कवडूनं धुतलेला सदरा घातला, अंजूनं बांधलेली ती एक टोपली पिशवीत घातली आणि एसटीनं कॉलेजला गेला.

गेटवरच्या गार्डनं पिशवीत काय आहे ते काढून पाहिलं. टोपली पाहून म्हणाला की विक्रेत्यांना आत सोडत नाही. कवडूनं सरांचं नाव सांगितलं. गार्डनं त्याला गेटाबाहेर उभं केलं, मग येणाऱ्या गाड्यांना अडचण होते म्हणून नालीच्या पलीकडं उभं केलं. पोरंपोरी स्कूटींवरून आत जात होती. गेटाच्या कमानीवर नवा फलक लागला होता आणि त्यावर दोन हातांमध्ये धरलेलं हिरवं रोप काढलेलं होतं. कवडू उन्हात उभा राहिला. टोपली डोक्यावर धरली तर सावली झाली असती, पण तसं करायची त्याला लाज वाटली.

दुपारी सर बाहेर आले. त्याला पाहून त्यांचा चेहरा उतरला. चहाच्या टपरीवर त्यांनी त्याला बसवलं, स्वतः चहा आणून दिला. म्हणाले की त्यांनी समितीत बोलून पाहिलं. घरच्या कामात शाळेनंतर पोरानं हात लावला तर सरकारी कायदाही आडवा येत नाही, हेही सांगितलं. पण कॉलेजचा नियम कायद्याहून कडक, आणि तो त्यांनीच करून घेतलेला. मॅडमच्या अहवालात फोटो होता. त्यावर सही कोण करणार.

“सर, पोरीचा हात बंद करन्यासाठीच तर हे काम पाह्यजे होतं,” कवडू म्हणाला. “काम नाई भेटलं तर तिले बसाच लागन. हे तुमी त्याइले सांगा ना.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. “सांगितलं,” ते म्हणाले. “ते म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. पोरगी नववीत गेल्याचा दाखला आणा.”

“अन् यंदा?”

यंदाचं काम नागपूरच्या एका एजन्सीला दिलं होतं. ते सगळी कागदपत्रं देतात, असं सर म्हणाले. बनवणाऱ्यांची घरं कुणी पाहायला जात नाही का, असं कवडूनं विचारलं. एजन्सी तसं लिहून देते, त्यावर शिक्का असतो, मग जायची गरज नसते, असं सरांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. टोपली ठेवून जा म्हणाले, ते स्वतः तिचे पैसे देतील. कवडूनं टोपली पिशवीत घातली आणि उठला. भीक घेतल्यासारखं वाटलं असतं. बसमध्ये बसल्यावर त्याला वाटलं की घ्यायला हवे होते.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी सदाशिवराव शेठची पिकअप अंगणात येऊन थांबली. शेठ स्वतः आला होता. असा तो कधी येत नसे. कामट्यांचा ढीग पाहून त्याचे डोळे चमकले, पण तोंडावर काही दाखवलं नाही. एक कामटी उचलून वाकवली. मोडली.

“अर्धा माल मेला तुहा,” तो म्हणाला. “बाकीचा आठ दिवसांत मरन.”

मग त्यानं खिशातून मोबाइल काढून चित्र दाखवलं. एवढी उंच, एवढ्या तोंडाची, काठ घट्ट. नागपूरच्या पार्टीचं काम आहे, कुठल्याशा कॉलेजला जाणार आहे, पुढच्या आठवड्यात माल पाहिजे. भाव त्यानं नेहमीचाच सांगितला, आणि घाईचं काम म्हणून वर काही मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. चित्रातली टोपली कवडूनं ओळखली. ती त्यांच्याच घरची नमुन्याची होती, त्याच्याच अंगणात मॅडमनं तिचा फोटो काढला होता. मागं निंबाचं खोडही दिसत होतं.

“शेठ, हा भाव पुरत नाई,” कवडू म्हणाला.

“मंग राहू दे. वरोऱ्याचे बुरूड बसलेच हायेत.”

लीला दारातून सगळं ऐकत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. होकार दिला तो तिनंच.

कवडूकडं सरांचा नंबर होता. त्या रात्री त्यानं मोबाइल हातात घेऊन तो नंबर दोनदा काढला. सरांना सांगावं, तुमचा माल माझ्याच घरी बनतो आहे, अर्ध्या भावात बनतो आहे, आणि बनवणारे हात तेच आहेत. पण सांगून काय होईल हे त्याला दिसत होतं. सर समितीत सांगतील, समिती एजन्सीला विचारील, एजन्सी शेठला विचारील, आणि शेठची पिकअप पुन्हा या अंगणात यायची नाही. त्याला सरांचा राग आला. मग मायचा आला. मग स्वतःचा आला, आणि तो मात्र गेला नाही.

पहाटे त्यानं अंजूला उठवलं. काही बोलावं लागलं नाही. ती तोंड धुऊन चटईवर बसली आणि टाक्यातून कामट्या काढायला लागली.

ते दिवस सारखेच गेले. ऊन डोक्यावर येईपर्यंत अंगणात, मग पडवीत, मग पुन्हा अंगणात. लीला बूड बांधायची, कवडू भिंत चढवायचा, काठ अंजूचा. वाळलेली कामटी वळताना चिरायची आणि तिची धार बोटात जायची. अंजूनं दोन बोटांना चिंध्या बांधल्या. चिंधीनं पकड सुटते म्हणून मग सोडल्या. जिजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन चाचपडत प्रत्येकाजवळ जायची. ती कुणाशी बोलत नव्हती. नातीजवळ गेली की तेवढी थांबायची आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायची.

आठवीला आता परीक्षा असते. ती त्याच आठवड्यात होती. पहिला पेपर मराठीचा होता. अंजू म्हणाली, मराठी मला येते, पेपर राहू दे, आणि चटईवरून उठली नाही. गणिताच्या दिवशी ती सकाळी उठून दप्तरातून कंपास काढत होती. लीलानं तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. कवडूनं उरलेल्या टोपल्यांकडं पाहिलं. अंजूनं कंपास परत दप्तरात ठेवला. रूपराव गुरुजी त्या दिवशी घरी आले आणि कवडूशी भांडून गेले. हिंगणघाटची जागा कुणासाठी थांबणार नाही, असंही सांगून गेले. विज्ञानाच्या दिवशी ते पुन्हा आले, पण अंगणात आले नाहीत. रस्त्यावर गाडी थांबवून त्यांनी चटईवरच्या पोरीकडं पाहिलं आणि निघून गेले. अंजूनं त्यांना पाहिलं होतं. तिनं मान वर केली नाही.

“आई, गुरुजी गेले का?” थोड्या वेळानं तिनं विचारलं.

“गेले.”

“बरं.”

लीला खाली पाहून कामट्या तोडत राहिली.

शेवटच्या दिवशी टोपल्या अंगणात निंबापर्यंत पसरल्या होत्या. नव्या बांबूचा रंग उन्हात छान दिसत होता. पिकअप आली. गाडीबरोबर आलेल्या शेठच्या माणसानं एक पाकीट काढून कवडूला दिलं. त्यात लेबलं होती, गोल, हिरवी, मागं चिकट. प्रत्येक टोपलीच्या आत एक लावायचं, आणि अक्षर उलटं लागता कामा नये, असं तो म्हणाला. नागपूरच्या पार्टीनं मुद्दाम पाठवलं होतं.

कवडूला अक्षर येत नव्हतं, लीलाला येत नव्हतं, जिजाबाईला दिसत नव्हतं. पाकीट अंजूकडं गेलं. तिनं पहिलं लेबल सोललं आणि शाळेत उभं राहून वाचायची सवय असल्यामुळं ते मोठ्यानं वाचलं.

“ही वस्तू बनवताना लहान मुलांना कामाला लावलेलं नाही. कारागिराला योग्य मोबदला दिलेला आहे.”

एका श्वासात वाचलं, कुठं अडखळली नाही. शेठचा माणूस गाडीचा फाळका खाली घेत होता, त्याचं लक्ष नव्हतं. लीला उठून चुलीकडं गेली.

“कोनाचं हाय ते?” जिजाबाईनं विचारलं. “कोनाच्या घरी लहान लेकरं काम नाई करत?”

“दुसऱ्या कोनाचं असन, आजी,” अंजू म्हणाली आणि तिनं लेबल टोपलीत चिकटवलं. बोटाला रक्त होतं, म्हणून ते जरा तिरपं बसलं.

कवडू खाली वाकला. बराच वेळ तो त्या हिरव्या गोलाकडं पाहत राहिला, जणू त्याला वाचता येत होतं.

“सरळ लाव, बेटा,” तो म्हणाला. “वाकडं दिसलं तर माल वापस येईन.”

अंजूनं बोट फ्रॉकला पुसलं, लेबल हळूच सोलून पुन्हा सरळ लावलं आणि पुढची टोपली ओढली.